पाण्यातलं शिसं मोजताना चूक होते ती बहुतेकदा बाटलीपाशी

निवळशंख

इथल्या मंचावर पाण्याच्या फिल्टरबद्दल चाललेल्या चर्चेच्या धाग्यावर तिघांनी लिहिलं, ‘आमचा टीडीएस १२० येतो, म्हणजे पाण्यात धातूबितू काही नाही.’ तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढते आहे. गेली चौदा वर्षं मी पाण्यातले सूक्ष्म धातू मोजायचं काम करते: शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, निकेल, जस्त. नळाचं पाणी येतं, विहिरींचं येतं, नद्यांचंही येतं.

आधी टीडीएसचं बघू. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ. त्याचं मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच बघतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. त्यावरचा सगळ्यात लहान आकडा म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, अर्थात १,००० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठी दिलेलं मूल्य आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे शिसं या मूल्याच्या शंभरपट असलं तरी मीटरवर जेमतेम शेवटचा आकडा हलेल, आणि तेवढा तर तो पाणी थोडं गार-गरम झालं तरी हलतो. १२० आला की पाण्यात क्षार कमी आहेत एवढंच कळतं. शिशाबद्दल ते मीटर काहीच सांगत नाही.

१० मायक्रोग्रॅम म्हणजे किती, ते डोळ्यासमोर येत नाही. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद, २ मीटर खोल असा पोहण्याचा तलाव घ्या. त्यात पाच लाख लिटर पाणी मावतं. त्या सगळ्या पाण्यात ५ ग्रॅम शिसं विरघळवलं की झाले लिटरला १० मायक्रोग्रॅम.

इतकं कमी मोजायचं तर यंत्र भारी लागतं, हे सगळ्यांना पटतं. पण मला सांगायचंय ते वेगळं आहे. इतकं कमी मोजायचं असतं तेव्हा आजूबाजूचं सगळं जग त्या नमुन्यापेक्षा जास्त धातू बाळगून असतं. धूळ, हात, बाटलीचं झाकण, आपण घातलेलं आम्ल, सगळंच. यंत्र इमानदार असतं, बाटलीत जे आहे ते सांगतं. ते नदीतून आलं की आपल्या हातून, हे त्याला कळायला मार्ग नाही.

एका नदीचे आम्ही बारा ठिकाणी नमुने घेतले होते. वरच्या अंगाला, जिथे वस्तीही नाही, तिथेही जस्त बऱ्यापैकी आलं. खाली कारखान्यांपाशी आलं तेही तेवढंच. नदी उगमापासून सारखी जस्ताळलेली, असा त्याचा अर्थ निघत होता. अहवालाचा मसुदाही तयार झाला होता. मग मी क्षेत्रातला कोरा नमुना बघितला. कोरा नमुना म्हणजे प्रयोगशाळेतून अतिशुद्ध पाणी बाटलीत भरून नदीवर न्यायचं, तिथे उघडायचं, दुसऱ्या बाटलीत ओतायचं, बाकीच्या नमुन्यांसारखंच आम्ल घालायचं आणि परत आणायचं. त्या पाण्याने नदी पाहिली, पण नदीचा थेंब त्यात नव्हता. आणि त्यातही जस्त जवळजवळ तेवढंच होतं.

दोन दिवस एकेक गोष्ट वगळत गेलो. आम्ल चांगलं, बाटल्या चांगल्या. शेवटी हातमोजे सापडले. त्या खेपेला आतून पावडर लावलेले रबरी मोजे आले होते आणि रबर पक्कं करताना जस्ताची संयुगं वापरतात. एक मोजा अतिशुद्ध पाण्यात दहा मिनिटं बुडवून ते पाणी यंत्रावर लावलं तर सगळं जस्त तिथेच दिसलं. बाराही नमुने टाकून दिले आणि परत नदीवर गेलो. कोरा नमुना नेला नसता तर तो अहवाल तसाच गेला असता, आणि ज्या नदीत जस्त नव्हतंच तिच्या नावावर ते कायमचं लागलं असतं. आजही तो मसुदा आठवला की पोटात गोळा येतो.

म्हणून कोणताही अहवाल हातात आला की मी आकड्यांच्या आधी कोरा नमुना शोधते.

---

चौकस

ताई, फार उपयोगी धागा. त्या तिघांतली एक मी! आमच्या घरातले नळ जुने आहेत, घरात लहान मूल आहे, म्हणून काळजी वाटते. दोन प्रश्न. पाणी उकळलं तर शिसं जातं का? आणि घरच्या घरी पट्टी बुडवून तपासता येतं का?

---

निवळशंख

उकळून जात नाही, उलट वाढतं. जंतू मरतात, पण शिसं वाफेबरोबर उडत नाही. एक लिटर पाणी उकळून पाऊण लिटर उरलं तर १० चे साधारण १३ होतात.

पट्ट्यांवर १० मायक्रोग्रॅमच्या आसपास मी विसंबणार नाही. खूप जास्त असेल तर काही पट्ट्या रंग दाखवतात. पण तुम्हाला प्रश्न पडलाय तो ५ की १५ असा आहे, आणि तिथे डोळ्याला रंगातला फरक कळत नाही.

---

खडक

भूजल माझा विषय, म्हणून विहिरींच्या बाजूने भर घालतो.

आर्सेनिकचं किट मात्र खरंच वापरात आहे आणि त्यामागचं रसायनशास्त्र जुनं आहे. पाण्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकली की हायड्रोजन सुटतो, आर्सेनिकचा आर्साइन वायू होतो, तो वर जाऊन मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेल्या कागदाला लागतो आणि कागद पिवळा, मग तपकिरी होतो. पाण्यात सल्फाइड असेल तर तेही कागद रंगवतं, म्हणून वाटेत लेड ॲसिटेट लावलेला कापूस ठेवतात. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून लोकांना गढूळ तळ्यांचं पाणी प्यावं लागू नये म्हणून लाखो नलिकाकूप, म्हणजे बारीक नळीच्या विहिरी, खोदले गेले. १९९० च्या दशकात कळलं की त्यातल्या असंख्य विहिरींत आर्सेनिक आहे. तिथे घरोघरी विहिरी तपासायला ही किटं वापरली आणि विहिरींच्या तोंडांना लाल-हिरवा रंग दिला. लिटरला २००-३०० मायक्रोग्रॅम असेल तर किट स्वच्छ सांगतं. १० आणि ५० च्या मधल्या विहिरींत मात्र गोंधळ होतो.

आता नमुन्याची गोष्ट. खोल विहिरीतलं पाणी पंपातून येतं तेव्हा नितळ असतं, कारण खाली प्राणवायू नाही आणि लोह विरघळलेलं असतं. ते बाटलीत भरून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवा. थोड्या वेळाने पाणी जरा पिवळसर दिसतं, आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तळाला तांबूस गाळ बसलेला असतो. तो गाळ म्हणजे लोहाचा गंज. आणि आर्सेनिकला या गंजाचं भारी वेड, ते त्याला चिकटून खाली बसतं. आता कुणी वरचं नितळ पाणी घेऊन तपासलं, किंवा तिथे गाळून घेतलं, तर आर्सेनिक कमी येतं. विहीर निर्धोक ठरते, आणि ते पाणी लोक पीत राहतात.

म्हणून विरघळलेलं आर्सेनिक हवं असेल तर विहिरीपाशीच, पाणी ताजं असताना, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं आणि लगेच नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली न्यायचा. आधी आम्ल आणि मग गाळणं असं केलं तर गढुळावर बसलेले धातूही आम्लाने सुटून पाण्यात येतात आणि आकडा फुगतो. क्रम उलटा झाला की उत्तर बदललं.

---

ओलावा

आमच्या बोअरवेलचा अहवाल आहे माझ्याकडे. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक तिन्हींपुढे ‘बीडीएल’ लिहिलंय. म्हणजे शून्य ना?

---

निवळशंख

ओलावा, नाही. आणि हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत.

बीडीएल म्हणजे त्या प्रयोगशाळेच्या शोधमर्यादेच्या खाली. ही मर्यादा अशी काढतात: कोरा नमुना पुन्हा पुन्हा मोजायचा. दर वेळी थोडा वेगळा आकडा येतो. त्या आकड्यांचा जो चढउतार आहे, त्याच्या साधारण तिप्पट म्हणजे शोधमर्यादा. त्याच्या खाली काही दिसलं तरी ते धातू आहे की नुसती थरथर, हे सांगता येत नाही. भरवशाने आकडा द्यायचा तर आणखी वर, साधारण दहापट चढउताराच्या पुढे जावं लागतं.

आता समजा तुमच्या प्रयोगशाळेने साध्या ज्वालेच्या ॲटॉमिक ॲबसॉर्प्शनवर, म्हणजे ज्वालेतले धातूचे अणू किती प्रकाश गिळतात ते बघणाऱ्या यंत्रावर, शिसं मोजलं. तिथे शोधमर्यादा सहज १० च्या वर असते. तुमच्या पाण्यात १५ असेल तरी अहवालात बीडीएल येणार, आणि ते खोटंही नसणार. कॅडमियमसाठी तर जागतिक आरोग्य संघटनेचं मूल्यच ३ आहे.

तेव्हा फोन करून विचारा: शोधमर्यादा किती आणि पद्धत कोणती? अहवालाच्या खाली बारीक अक्षरात असेलही. एकक मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम तेही बघा. ०.०१ मिलिग्रॅम आणि १० मायक्रोग्रॅम एकच आहेत, पण घाईत वाचताना माणूस हजारपटीने चुकतो.

---

ओलावा

बघितलं. शिशासाठी शोधमर्यादा ‘०.०५ मिग्रॅ/लि’ लिहिली आहे. म्हणजे ५०?

---

निवळशंख

हो, ५०. जागतिक आरोग्य संघटनेचं जुनं मूल्य तेवढंच होतं, १९९३ मध्ये ते १० वर आणलं. तुमचा अहवाल ‘५० पेक्षा कमी’ एवढंच सांगतो. ४९ असेल तरी हाच अहवाल आला असता. दुसरीकडून करून घ्या, ग्रॅफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस असलेल्या ठिकाणाहून, आणि नमुना द्यायच्या आधी शोधमर्यादा विचारा.

---

तळटीप

या यंत्रांबद्दल सविस्तर लिहाल का? आयसीपी-एमएस असलं म्हणजे झालंच ना, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात.

---

काठावर

मी ही यंत्रं दुरुस्त करायचो, आता निवृत्त आहे. मी सांगतो.

ग्रॅफाइट फर्नेस माझं आवडतं. बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी ग्रॅफाइटची नळी असते. तिच्यात वीसेक मायक्रोलिटर पाणी, म्हणजे एका थेंबाहूनही कमी, सोडायचं. नळीतून वीज सोडून आधी ते सुकवायचं, मग बाकीचा कचरा जाळायचा, मग क्षणात सुमारे २,००० अंशांपर्यंत तापवायचं. शिशाचे सुटे अणू नळीत तरंगतात आणि २८३.३ नॅनोमीटरचा प्रकाश गिळतात. किती गिळला त्यावरून किती शिसं. या नळीत काचेतून बघितलं की थेंब सुकताना दिसतो. तो शांतपणे सुकला पाहिजे. उडाला, फसफसला, तर ते मोजमाप फुकट. किती तरी ‘यंत्र बिघडलंय’ म्हणून आलेल्या तक्रारी मी फक्त सुकवण्याचं तापमान कमी करून मिटवल्या आहेत. एका वेळी साधारण एकच धातू, प्रत्येक नमुन्याला दोन-तीन मिनिटं, पण काम चोख.

आयसीपी-एमएसमध्ये पाण्याचा फवारा आर्गॉनच्या प्लाझ्मात सोडतात. तिथे हजारो अंश तापमान असतं, अणूंचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, होतात आणि वस्तुमानानुसार वेगळे करून मोजले जातात. मिनिटाभरात चाळीस मूलद्रव्यं. पण ‘झालंच’ असं नाही. आर्सेनिकचं वस्तुमान ७५. प्लाझ्मा आर्गॉनचा, त्याचं ४०. पाण्यात मीठ असेल तर क्लोरीन येतं, त्याचं ३५. चाळीस आणि पस्तीस पंचाहत्तर! आर्गॉन आणि क्लोरीनची जोडी यंत्राला आर्सेनिक वाटते. तसंच आर्गॉन आणि ऑक्सिजनचे छप्पन्न होतात, म्हणजे लोह. खारट पाण्यात नसलेलं आर्सेनिक दिसतं ते असं. यावर उपाय म्हणून वाटेत हीलियम भरलेली कोठडी ठेवतात. जोडीचा आकार मोठा, त्यामुळे ती हीलियमवर जास्त वेळा आपटते, तिचा जोर ओसरतो आणि ती मागे पडते. आर्सेनिकचा एकटा आयन पुढे जातो. ही कोठडी बंद ठेवून खारं पाणी मोजलेलं मी पाहिलं आहे. म्हणून यंत्राचं नाव विचारून थांबू नका.

---

निवळशंख

काठावर, थेंब सुकताना बघायची सवय मलाही माझ्या वरिष्ठांनी लावली होती. फार छान लिहिलंत.

तळटीप, यंत्र बरोबर सांगतंय की नाही हे तपासायचं साधन म्हणजे स्पाइक. नमुन्याच्या एका भागात मोजून १० मायक्रोग्रॅम शिसं आपणच घालायचं. आधीपेक्षा १० वाढलं पाहिजे. ४ च वाढलं तर त्या पाण्यातलं काहीतरी शिशाचा आवाज दाबतंय, आणि मूळ आकडाही दबलेला आहे. याशिवाय धातूंचं प्रमाण आधीच पक्कं ठरवलेलं प्रमाणित पाणी मिळतं, कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचं नदीचं, अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचंही. ते अनोळखी नमुन्यासारखं मधेच लावायचं. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न यंत्राला विचारायचा, असं मी नव्या मुलांना सांगते.

---

शोधयात्री

कोऱ्या नमुन्यावरून क्लेअर पॅटरसन या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञाची आठवण झाली. १९५६ मध्ये त्याने उल्केतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वस्तुमानाच्या शिशाच्या अणूंवरून) पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं. पण त्याआधी कित्येक वर्षं त्याचे आकडे जुळत नव्हते, कारण प्रयोगशाळेत सगळीकडे शिसं होतं. मग त्याने सगळं धुऊनपुसून, हवा गाळून, आम्लं स्वतः शुद्ध करून काम केलं. तीच स्वच्छता घेऊन तो समुद्राकडे वळला, तेव्हा दिसलं की समुद्रातल्या शिशाचे आधी छापलेले आकडे बरेचसे नमुना घेणाऱ्यांनीच घातलेल्या शिशाचे होते. खोल पाण्यात खरं शिसं फारच थोडं निघालं आणि वरच्या थरात त्याहून बरंच जास्त. हे वरचं शिसं कुठून आलं, तर बरंचसं पेट्रोलमधून, हवेमार्गे. कोरा नमुना स्वच्छ झाला नसता तर हा फरक दिसलाच नसता. शिसं घातलेल्या पेट्रोलविरुद्ध तो पुढे कित्येक वर्षं भांडला.

समुद्रातल्या लोहाचंही तसंच. जहाज लोखंडाचं, तार पोलादाची, आणि मोजायचं कणभर लोह. १९८० च्या दशकात जॉन मार्टिन या समुद्रशास्त्रज्ञाच्या गटाने स्वच्छ पद्धतीने मोजलं तेव्हा कुठे कळलं की महासागराच्या काही भागांत लोह इतकं कमी आहे की त्यापायी तिथे वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढत नाहीत.

---

चौकस

वाचून थक्क झाले. ताई, आता मी नमुना द्यायचं ठरवलंय. आमच्या नळाचं पाणी नेमकं कसं घ्यायचं? एकाने सांगितलं, नळ पाच मिनिटं सोडून मग भरा. दुसरा म्हणाला, सकाळचं पहिलं पाणी भरा.

---

निवळशंख

दोघांच्या पद्धतींतून दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळतात. पाच मिनिटं सोडून भरलेलं पाणी मुख्य वाहिनीतलं, ते बाहेरून काय येतंय ते सांगतं. शिसं मात्र बहुतेकदा घरातच मिसळतं, शिशाच्या जुन्या नळातून, जोडांच्या डाखातून, पितळी तोटीतून. पाणी रात्रभर तिथे उभं राहिलं की ते उतरतं. म्हणून तुम्हाला हवं ते पहिलं पाणी. निदान सहा तास घरातला एकही नळ उघडायचा नाही, आणि मग पहिलं एक लिटर, एक थेंबही वाया न घालवता.

तोटीची जाळी काढू नका. आदल्या रात्री मुद्दाम नळ मोकळा सोडून ठेवू नका. धार बारीक करू नका, रोज पेला भरता तशी ठेवा. हे तिन्ही केलं की आकडा कमी येतो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, नळ गंजू नयेत म्हणून घालायचं द्रव्य घातलं नाही आणि जुन्या नळांतलं शिसं घरोघरी पोचलं. त्यानंतर २०१६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्पष्ट कळवलं की जाळी काढायला किंवा आदल्या रात्री नळ सोडायला लोकांना सांगू नका, बाटलीही रुंद तोंडाची द्या. अरुंद तोंडाची असली की माणूस आपोआप धार बारीक करतो.

जमलं तर दोन्ही बाटल्या द्या, आधी पहिल्या पाण्याची, मग पाच मिनिटांनंतरची. पहिलीत जास्त आणि दुसरीत कमी आलं तर शिसं घरातल्या नळांचं.

---

खडक

आणखी एक. प्रयोगशाळेला सांगा, आम्ल त्याच बाटलीत घाला. शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटतं. आधी दुसरीकडे ओतलं तर भिंतीवरचं मागेच राहतं. आम्ल घालून निदान सोळा तास थांबलं की ते सुटून पाण्यात येतं.

---

चौकस

बाटल्या आल्या! प्रयोगशाळेला शोधमर्यादा विचारली, १ मायक्रोग्रॅम सांगितली, ग्रॅफाइट फर्नेस. आज रात्री दहानंतर नळ बंद. स्वयंपाकघराच्या नळावर कागद चिकटवलाय, कुणी चुकून उघडू नये म्हणून. शेवटचा प्रश्न: बाटली आधी विसळून घ्यायची ना?

---

निवळशंख

नाही! त्यांनी ती आम्लात भिजवून धुतलेली असते. आणि विसळायला जे पाणी वापराल तेच तर तुम्हाला मोजायचंय, ते गटारात जाईल. बाटली आधीच तोटीखाली धरा, मग नळ उघडा. झाकण ओट्यावर ठेवू नका, दुसऱ्या हातात धरा, आतली बाजू खाली करून. आत बोट लावू नका. गळ्यापर्यंत भरली की लगेच लावा आणि वर वेळ लिहा.

---

चौकस

भरली. पहाटे ५:४०. पाच मिनिटांनंतरची दुसरीही. आकडे आले की इथेच टाकते.